कास्टिंग नंबर म्हणजे इंजिन नंबर नव्हे

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारींच्या हौसेवरचा लेख वाचला. फोटो फारच छान होते. पण दोन वाक्यांपाशी चहाचा कप खाली ठेवला. ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यावरचा, उठावदार नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळला की इंजिन मूळचं समजावं, हे एक. आणि नंबर नीट दिसत नसेल तर ती जागा घासून लख्ख करावी, हे दुसरं. पहिलं चूक आहे, दुसरं घातक आहे. पिंपरी-चिंचवडच्या एका इंजिन कारखान्यात मी ३३ वर्षं काढली. शेवटची बारा तपासणीत गेली आणि त्याआधी बरीच वर्षं मी हातात पंच आणि हातोडी घेऊन ब्लॉकवर नंबरच ठोकत होतो. म्हणून लिहितो आहे.

उठावदार नंबर, म्हणजे कास्टिंग नंबर, साच्यातून येतो. त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक ब्लॉकवर तोच असतो. तो जुळला याचा अर्थ एवढाच, की ब्लॉक त्या जातीचा आहे. तो त्याच गाडीचा आहे की नाही, हे ठोकलेल्या, म्हणजे खोलगट नंबरावरून कळतं.

हे सगळं पुन्हा डोक्यात ताजं आहे ते दादामुळे. माझा थोरला भाऊ १९६८ साली मिशिगनला गेला तो तिकडचाच झाला. मागच्या हिवाळ्यात तो गेला आणि त्याची १९६९ सालची शेव्हरोले शेव्हेल मालिबू पुतण्याकडे आली. मध्यम आकाराच्या गाडीच्या पोटात दांडगं व्ही-८ इंजिन बसवायचं, अशा गाड्यांना तिकडे मसल कार म्हणतात. दादाच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना 'एसएस ३९६' असे बिल्ले. एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट. ३९६ म्हणजे घनइंच, आपले साधारण साडेसहा लिटर. खरी एसएस असेल तर किंमत कुठल्या कुठे जाते. पुतण्या त्या आनंदात होता.

माझे गुडघे आता विमानात बसू देत नाहीत. सकाळी साडेसहाला इथून व्हिडिओ कॉल लावायचा, तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे नऊ. पहिल्याच दिवशी त्याने बॉनेट उघडलं आणि मी म्हटलं, "टॅपेट कव्हरचे बोल्ट मोज."

"चार आहेत, काका."

शेव्हरोलेच्या ३९६ च्या मोठ्या ब्लॉकला एकेका कव्हरला सात बोल्ट असतात. लहान ब्लॉकला चार. म्हणजे आत्ता आत आहे ते ३९६ नव्हे, हे दोन मिनिटांत निकालात निघालं. पोराचा चेहरा पडला. पण मग मूळचं कुठलं होतं? त्याला पुढे तीन आठवडे लागले.

गाडीच्या चेसिस नंबरात उत्तर असेल असं त्याला वाटत होतं. १९६६ ते ६८ च्या शेव्हेलमध्ये ते असतं, तिथे एसएस ३९६ चा नंबर १३८ ने सुरू होतो. पण १९६९ साली कंपनीने एसएस हा नुसता जादा पैशाचा संच करून टाकला. दादाच्या गाडीचा नंबर १३६३७९बी असा सुरू होतो: शेव्हरोले, व्ही-८ मालिबू, दोन दरवाजे, १९६९, बाल्टिमोरचा कारखाना. एसएस आहे की नाही, यावर तो नंबर गप्प.

मग आम्ही इंजिनाकडे वळलो. ब्लॉकच्या मागच्या कडेला, ड्रायव्हरच्या बाजूला (तिकडे ती डावी) ३९७००१० हा उठावदार नंबर. हे ३५० घनइंचाचं इंजिन, आणि याच नंबराचे ब्लॉक सत्तरचं जवळजवळ अख्खं दशक ओतले गेले. आपल्या लेखाप्रमाणे गेलं तर अशा हजारो गाड्या 'मूळच्या' ठरतील. त्याच कडेला उजवीकडे ओतल्याची तारीख असते: सी ११ ०. सी म्हणजे मार्च, तारीख ११ आणि वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. हे शून्य १९७० चं की १९८० चं, ते एवढ्यावरून सांगता येत नाही.

ते कळलं पुढच्या पट्टीवरून. उजव्या हेडच्या पुढे, अल्टरनेटरच्या मागे ब्लॉकला तासलेली छोटी सपाट जागा असते. तिथे कारखान्यात नंबर ठोकतात. पुतण्या पॉलिश पेपर घेऊन सरसावला, तेव्हा मी फोनवर ओरडलोच. रॉकेल, जुना दात घासायचा ब्रश आणि चिंधी, बास. मग पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल घासायची, आरटीओत चेसिस नंबराचा ठसा घेतात तशी. कारण त्या पट्टीवर ब्लॉकचा माथा तासताना पडलेल्या केसासारख्या रेघा असतात, पुढून मागे जाणाऱ्या. नंबर खरा की मागाहून ठोकलेला, याची साक्ष त्या रेघा देतात. पॉलिश पेपर फिरवला की साक्षीदार गेला.

पेन्सिलीखाली उमटलं ते असं: व्ही ०३१७ आणि पुढे तीन अक्षरं. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, १७ मार्च ही जुळणीची तारीख. १९६९ च्या इंजिनांना शेवटी दोनच अक्षरं असत, १९७० पासून तीन झाली. शेजारी गाडीच्या नंबराचा तुकडा, तो १० ने, म्हणजे शेव्हरोले, १९७० असा सुरू होणारा. दादाच्या गाडीचं इंजिन असतं तर तिथे १९बी, म्हणजे शेव्हरोले, १९६९, बाल्टिमोर, दिसायला हवं होतं. आणि फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरच्या, पत्र्यावर बॉडीची वेळ ०४बी, म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा. एप्रिल १९६९ च्या गाडीत मार्च १९७० चं इंजिन मूळचं कसं असेल?

उरलेलं दादाच्या पेटीत मिळालं. गाडीच्या वॉरंटी पुस्तकाला चिकटवलेली धातूची छोटी पट्टी, त्यावर मूळ इंजिनाची अक्षरं. ती निघाली ३०७ घनइंचाची, मालिबूच्या सगळ्यात साध्या व्ही-८ ची. आणि दादाची हिशेबाची वही. १९७४ च्या पानावर मराठीत: 'इंजिन जाम. भंगारातून ३५० आणले. बसवायला दोन रविवार.' बर्फात, गॅरेज नसताना.

आता तिथल्या एका दलालाने पुतण्याला सुचवलं, की १९६९ चा ३९६ ब्लॉक शोधू, त्यावरची नंबराची पट्टी तासू आणि तुमच्या गाडीचा नंबर ठोकू. पुतण्या मला म्हणाला, "काका, तुम्हीही नंबरच ठोकायचात ना?" राग आला, पण प्रश्न रास्त होता. एकदा माझ्या हातून ३ च्या जागी ८ पडला होता. तो मी घासला नाही. त्यावर आडवी रेघ मारली, शेजारी बरोबर आकडा ठोकला, रजिस्टरला नोंद केली आणि साहेबांची सही घेतली. ती नोंद करताना लाज वाटली होती, पण केली.

२०२१ च्या नियमांनंतर आपल्याकडेही ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. वाड्यांतून, गोठ्यांतून आजोबांच्या गाड्या बाहेर निघताहेत. आपला लेख वाचून कुणी ग्राइंडर हातात घेण्याआधी कृपया खुलासा छापावा.

पुतण्याने दलालाला नकार कळवला. आता खोटे बिल्ले तरी काढून टाकूया, असं मी म्हटलं. तेव्हा मागून वहिनी म्हणाल्या, "त्यांना हात लावायचा नाही. त्यांच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मी जुन्या बाजारातून आणले होते." बिल्ले आहेत तिथेच आहेत.

– एक निवृत्त इंजिन तपासनीस, चिंचवड