पाळत शोधणाऱ्यालाच हेर ठरवता? दूरसंचार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

केवळ ऐकणाऱ्या रेडिओ उपकरणांवर बंधने येणार नाहीत, असे आश्वासन आपण आम्हा हॅम, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींना दिले होते. परवा माझे पार्सल अडवले गेले. शेरा होता ‘हेरगिरीचे साहित्य’. आत एक एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला जोडून रेडिओ लहरी पकडणारे छोटे उपकरण, आणि कुठल्या लहरीवर किती जोराचा सिग्नल आहे हे दाखवणारा, खिशात मावणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर होता.

हा डोंगल मुळात संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी बनला. त्यातल्या आरटीएल२८३२यू चिपमधून कच्चे सिग्नल मिळतात, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींनीच जगापुढे आणले. योग्य ट्यूनर असेल तर साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यावर दिसतो. तो प्रक्षेपण करूच शकत नाही. खोलीतला छुपा मायक्रोफोन ४३३ मेगाहर्ट्झवर बोलत असेल, तर पडद्यावर सुळका उठतो. मग दिशादर्शक अँटेना फिरवत, सिग्नल डोईजड झाला की त्याचा जोर कमी करणारा ॲटेन्युएटर लावत आम्ही त्याच्यापर्यंत पोहोचतो. लपवलेला प्रक्षेपक शोधण्याच्या ‘फॉक्स हंट’ या आमच्या खेळात दुसरे काय शिकतो आम्ही? २.४ गिगाहर्ट्झवरचे ब्लूटूथ ट्रॅकर या डोंगलला दिसत नाहीत, गप्प बसून आवाज साठवणारा रेकॉर्डरही नाही. पण जे सापडते, त्याने एखाद्याचा जीव वाचू शकतो.

नवऱ्याच्या पाळतीतून सुटू पाहणाऱ्या एका ताईंची गाडी मला तपासायची होती. त्याऐवजी मीच या पार्सलच्या चौकशीसाठी बाकावर बसून राहिलो. परवाना पुढे केला, तो कोणी उलटूनही पाहिला नाही. ‘कोणाचं ऐकायचंय तुम्हाला?’ हाच प्रश्न फिरून फिरून. आता शेजारीही माझ्या अँटेनाकडे संशयाने पाहतात. रात्री सेट लावायला हात धजत नाही. उमेदीची वर्षे ज्या छंदाला दिली, त्याचीच लाज वाटावी अशी वेळ आणलीत तुम्ही!

१९४५ साली मॉस्कोत अमेरिकी राजदूताला भेट दिलेल्या लाकडी राजचिन्हात ऐकणारे यंत्र दडवले होते. ते १९५२ मध्ये सापडले, आणि त्याचा सुगावा लागला होता रेडिओ ऐकत बसलेल्या एका ब्रिटिश ऑपरेटरला. असे कान तुम्हाला नकोत का?

मोबाइल टॉवरचे सोंग घेणारी यंत्रे सरकारी खात्यांनी वापरली, तर कोणावर आणि कोणाच्या परवानगीने, हे नागरिकाने विचारायचे नाही. नागरिकाने स्वतःची खोली तपासली की मात्र चौकशी. पाळत ठेवणाऱ्याला संरक्षण आणि शोधणाऱ्यावर संशय, हे कसले राज्य?

पार्सल सोडा. केवळ ग्रहण करणारी उपकरणे मोकळी असल्याचे नियमात लिहा. आणि त्या ताईंची गाडी तोवर कोण तपासणार, याचे लेखी उत्तर द्या.

आपला,
एक परवानाधारक हॅम