एजंट शोधू की स्वतःच काढू?

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

तुझी कादंबरी वाचून झाली. समासात पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, बाड वेगळं पाठवते. हे पत्र तुझ्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे: लेखकाच्या वतीने प्रकाशकांशी बोलणारा एजंट शोधायचा, की कुणाच्या होकाराची वाट न बघता पुस्तक स्वतःच काढायचं?

माझं मत आधीच सांगून टाकते. ही कादंबरी आधी एजंटांना पाठव. त्यासाठी एक वर्ष दे. वर्षभरात कुणी घेतली नाही तर स्वतः काढ, आणि मग हात आखडता घेऊ नकोस. पण हा क्रम उलटा करू नकोस. "आधी स्वतः काढू, चाललं तर एजंट आपणहून येईल" हे तुझं म्हणणं ऐकायला सोपं आहे, पण तसं फार क्वचित घडतं. प्रकाशकाला नवं पुस्तक पहिल्यांदा आपण आणायचं असतं. तू ते आधीच बाजारात आणलंस की एजंटचा पहिला प्रश्न येतो, किती प्रती खपल्या? हजारोंनी खपल्या असतील तर गोष्ट वेगळी. दोनशे खपल्या असतील तर तो आकडाच तुझ्या पुस्तकाची ओळख होऊन बसतो, मग आतलं लिखाण कितीही चांगलं असो. याउलट एजंटांनी नाकारलेलं पुस्तक स्वतः काढायला कुणाचीही आडकाठी नाही, आणि वाचकाला त्या नकारांचा पत्ताही लागत नाही. एवढ्या एका कारणासाठी मी क्रमावर अडून बसले आहे.

तू अमेरिकन लेखक अँडी वीअरचं उदाहरण देशील. त्याने २०११ मध्ये 'द मार्शन' ही कादंबरी ॲमेझॉनच्या किंडलवर, म्हणजे ईबुक म्हणून, अगदी कमी किमतीत स्वतः काढली, ती तुफान चालली, मग एजंट आला, मोठा प्रकाशक आला. सगळं खरं. पण ईबुक निघण्याआधी ती कादंबरी प्रकरणाप्रकरणाने त्याच्या संकेतस्थळावर फुकट येत होती आणि ती वाचणारी माणसं त्याच्याभोवती जमलेली होती. किंडलवर आणा असा आग्रह त्यांचाच होता. तुझ्यापाशी आज तसे वाचक नाहीत. उद्या असतील, पण आज नाहीत.

आता एजंट नेमकं काय करतो ते. हा पेशा तसा जुना. लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी १८७०च्या दशकात लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करायला सुरुवात केली आणि त्याबद्दल लेखकाच्या उत्पन्नातले १० टक्के ठेवले. आज बहुतेक ठिकाणी हा वाटा १५ टक्के असतो. परदेशातल्या आणि अनुवादाच्या हक्कांवर साधारण २० टक्के, कारण तिथल्या एजंटलाही त्यातून द्यावं लागतं. पुस्तक विकलं गेलं तरच त्याला पैसे मिळतात, तोवर तुझ्याकडून एक पैसाही घ्यायचा नसतो. कोणता संपादक सध्या काय शोधतो आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि इंग्रजीतले मोठे प्रकाशक तर एजंटशिवाय आलेलं हस्तलिखित बहुधा उघडतही नाहीत. पण माझ्या मते त्याची खरी किंमत ओळखीपाळखीत नाही, करारात आहे.

इतकी वर्षं प्रकाशकाच्या बाजूने बसून मी करार बघितले आहेत, म्हणून एकच कलम उलगडून दाखवते. जवळजवळ प्रत्येक करारात लिहिलेलं असतं की पुस्तक 'छापील स्वरूपात उपलब्ध नसेल' तर हक्क लेखकाकडे परत येतील. वाचताना बरं वाटतं. पूर्वी त्याला अर्थही होता. आवृत्ती संपली, प्रकाशकाने पुन्हा छापली नाही, लेखकाने पत्र लिहिलं, हक्क परत. आता ईबुक कधी संपतच नाही, आणि मागणी येईल तशी एकेक प्रत छापता येते. म्हणजे वर्षाला तीन प्रती खपल्या तरी पुस्तक 'उपलब्ध' आहे आणि हक्क प्रकाशकाकडे अडकलेले आहेत. चांगला एजंट इथे आकडा घालून घेतो: सलग दोन हिशेबांमध्ये अमुक प्रतींपेक्षा कमी खप झाला तर हक्क परत. नवा लेखक सही करण्याच्या आनंदात हे कलम वाचतही नाही. अनुवाद, श्राव्य पुस्तक, चित्रपट हे हक्क सरसकट देऊन न टाकता वेगळे राखणं, पुढच्या पुस्तकावर प्रकाशकाचा पहिला हक्क किती काळ चालेल हे ठरवणं, हे सगळं याच जातीचं काम. त्याच्या १५ टक्क्यांत मला हे स्वस्त वाटतं.

एजंटला पाठवायचं क्वेरी लेटर तू लिहिलंस, ते मात्र बदलावं लागेल. तुझं पहिलं वाक्य आहे: 'ही कादंबरी मानवी नात्यांमधली गुंतागुंत आणि आठवणींचं ओझं यांचा वेध घेते.' मुक्ता, हे वाक्य हजार कादंबऱ्यांना चालेल. त्याच्याऐवजी तुझ्याच कादंबरीत काय आहे बघ. वडील गेल्यावर दोघी बहिणी घर विकायला येतात, कागदपत्रं काढतात, आणि थोरलीला कळतं की घर सहा वर्षांपूर्वीच गहाण पडलंय आणि त्यावर सही धाकटीची आहे. हे लिही. असंच लिही. ते वाचून एजंटला पुढे काय झालं ते हवंसं वाटेल, आणि पत्राचं काम तेवढंच असतं. एका पानाच्या वर जाऊ नकोस. शब्दसंख्या सांग, प्रकार सांग, स्वतःबद्दल दोन ओळी पुरेत. पत्रासोबत मागतात त्या कथेच्या सारांशात मात्र शेवट लपवू नकोस. तो वाचकासाठी नसतो, कथा शेवटपर्यंत उभी राहते का हे बघणाऱ्यासाठी असतो. प्रत्येक एजंट काय मागतो ते नीट वाच. कुणाला पहिली दहा पानं हवी असतात, कुणाला तीन प्रकरणं. मागितलंय तेवढंच पाठव.

सगळ्यांना एकदम पाठवायची चूक करू नकोस. सात-आठ जणांना पाठव, दोन-तीन महिने थांब. कुणीच पानं मागवली नाहीत तर पत्रात खोट आहे, पत्र दुरुस्त कर. पानं वाचून पूर्ण हस्तलिखित कुणी मागत नसेल तर सुरुवात ढिली आहे. पूर्ण वाचून नाकारत असतील तर ते सगळ्यात जवळचं, आणि अशा वेळी कुणी कारण लिहिलं तर ते जपून ठेव. पुष्कळ जण उत्तरच देणार नाहीत. त्याचा अर्थ पुस्तक वाईट असा लावू नकोस. त्यांच्या यादीत अशीच एखादी कादंबरी आधी असते, किंवा त्यांना ती आवडलेली असते पण विकता येईल असं वाटत नाही. मी स्वतः बाडांच्या ढिगातून बाडं वाचली आहेत, आणि चांगलं लिखाण जड मनाने परत पाठवलेलं मला ठाऊक आहे.

एका गोष्टीबाबत मात्र मला तुझी खरीच काळजी वाटते. नव्या लेखकाच्या आशेवर जगणारी माणसं या क्षेत्रात फार आहेत. तुला एखादं पत्र येईल: तुमचं लिखाण असामान्य आहे, आम्ही ते जगापुढे आणू इच्छितो. चार ओळींनंतर वाचनशुल्क येईल, किंवा 'संपादनाचा खर्च', किंवा 'सहयोगी प्रकाशनात लेखकाचा वाटा'. नामांकित एजंटचं नाव आणि फोटो वापरून पाठवलेली पत्रंही असतात, म्हणून पत्त्याची शहानिशा त्या संस्थेच्या मूळ संकेतस्थळावरूनच कर. 'रायटर बिवेअर' नावाचा उपक्रम अशा फसवणुकींची माहिती बरीच वर्षं जमवतो आहे, कुणालाही होकार देण्याआधी तिथे नाव शोध. एजंट किंवा प्रकाशक म्हणवणारा तुझ्याकडे पैसे मागत असेल तर तिथेच थांब. स्वप्रकाशनातही तू पैसे खर्च करशील, पण तिथे तू मालकीण असतेस. संपादकाला, चित्रकाराला कामाचे पैसे देतेस आणि सगळे हक्क तुझेच राहतात. पैसेही घ्यायचे आणि हक्कही घ्यायचे, हा तिसरा प्रकार. त्याच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस.

आणि स्वप्रकाशन. त्याला मी कमी लेखते असं तुला वाटत असेल तर तो समज काढून टाक. बिआट्रिक्स पॉटरची सशाची गोष्ट प्रकाशकांकडून परत आली, तेव्हा तिने डिसेंबर १९०१ मध्ये स्वतःच्या खर्चाने २५० प्रती छापल्या. पुस्तक लहान मुलाच्या हातात मावेल एवढं छोटं हवं, यावर ती ठाम होती. पुढच्याच वर्षी ते एका प्रकाशकाने काढलं. आपल्याला काय हवंय हे तिला नेमकं माहीत होतं, आणि स्वतः काढणाऱ्याकडे ते लागतंच.

ॲमेझॉनने २००७ मध्ये किंडलसोबत लेखकांना थेट पुस्तक चढवायची सोय दिली, तेव्हापासून काढणं सोपं झालं. ठरावीक किमतीच्या पट्ट्यातल्या ईबुकवर ७० टक्के रॉयल्टी मिळते, पट्ट्याबाहेर ३५. हे आकडे बघून प्रकाशकाच्या आठ-दहा टक्क्यांशी तुलना करायचा मोह होतो. ती तुलना बरोबर नाही. प्रकाशक संपादन, मुखपृष्ठ, छपाई, वितरण हे सगळं स्वतःच्या पैशाने करतो आणि वर आगाऊ रक्कम देतो, जी पुस्तक खपलं नाही तरी सहसा परत करावी लागत नाही. ७० टक्क्यांत हे सगळं तुझ्या अंगावर येतं.

त्यातही लेखक सगळ्यात आधी काटकसर करतात ती संपादनात आणि मुद्रितशोधनात. तुझ्याच बाडातलं दाखवते. दुसऱ्या प्रकरणात धाकटी बत्तीस वर्षांची आहे; नवव्यात, त्याच आठवड्यात, ती अठ्ठावीसची होते. शेजारच्या काकांचं आडनाव दोनदा बदललंय. गहाणखतावरची तारीख वडिलांच्या आजारपणाशी जुळत नाही, आणि अख्खी कादंबरी त्या कागदावर उभी आहे. तू हे बाड पुन्हापुन्हा वाचलं असशील, तरी तुला हे दिसलं नाही, कारण आपलं लिहिलेलं वाचताना डोळा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. म्हणून परक्या माणसाची नजर लागते, आणि ती नजर माझी नको. मी तुझी आई आहे. धंदेवाईक संपादक नेम, त्याच्यानंतर मुद्रितशोधक वेगळा नेम, आणि मुखपृष्ठ त्या प्रकारची पुस्तकं करणाऱ्याकडूनच करून घे.

बाकी दोन बारीक गोष्टी. ॲमेझॉन फुकट देतं तो आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दुसरीकडे वापरता येत नाही, तेव्हा स्वतःच्या नावाचा घे. आणि केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनच्या योजनेत नाव घातलंस तर ९० दिवस ते ईबुक दुसरीकडे विकायला ठेवता येत नाही. मुदत संपली की ती आपोआप पुढे सरकते, आपोआप मुदतवाढीची तिथली खूण काढायला विसरू नकोस.

तुझ्या त्या रहस्यकथांबद्दल माझं मत वेगळं आहे. एकच तपास अधिकारी, छोट्या कथा, वर्षाला दोन-तीन लिहिण्याचा तुझा झपाटा. अशा मालिकेचा वाचक एक पुस्तक संपवून लगेच दुसरं मागतो, आणि प्रकाशकाच्या करारापासून पुस्तक हातात येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. ती मालिका स्वतः काढ, एजंटची वाट बघू नकोस. निदान तीन पुस्तकं तयार झाल्यावर सुरुवात कर. त्यातून वाचकांची यादी उभी राहील, जाहिरात कशाने लागू पडते ते कळेल, आणि कादंबरी पुढे स्वतः काढायची वेळ आली तर ते सगळं तुझ्या हाताशी असेल. एजंटशी बोलताना मात्र ही मालिका लपवू नकोस, आणि सही करण्याआधी ती करारातून स्पष्ट शब्दांत वगळून घे.

आधी नववं प्रकरण आणि ती तारीख दुरुस्त कर. मग क्वेरी लेटर नव्याने लिहून मला पाठव, आणि सोबत पहिल्या आठ एजंटांची नावं. प्रत्येकापुढे त्याने अलीकडे विकलेली दोन पुस्तकं लिही, म्हणजे आपल्याला कळेल की योग्य दार ठोठावतोय का.

तुझी,
आई