‘छोटी’ म्हणून केलेले कौतुक अपुरे

प्रति,
मा. संपादक,

विषय : ‘अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स’ या मालिकेची परीक्षणे

महोदय,

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्याच काल्पनिक जगात घडणाऱ्या, एचबीओच्या ‘अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स’ या मालिकेचे पहिले पर्व १८ जानेवारी २०२६ पासून दाखवले गेले. त्यावर जे लिहून आले ते बहुतांशी कौतुकाचे होते आणि मालिका त्या कौतुकाला पात्रही आहे. मात्र एकामागून एक परीक्षणे वाचताना त्यांचा सूर मला खटकत गेला. ड्रॅगन नाहीत, सिंहासनासाठी लढाई नाही, भाग सहाच आणि तेही अर्ध्या-पाऊण तासाचे, अशी मालिकेत काय नाही याची यादी देऊन झाली की ‘छोटी’, ‘हलकीफुलकी’, ‘गोड’ ही विशेषणे ठरल्यासारखी येतात. घरातल्या धाकट्याचे कौतुक ‘थोरल्यासारखा हूड नाही हो’ एवढ्यावरच थांबावे, तसा हा प्रकार आहे.

समीक्षकांचा हा सुटकेचा निःश्वास समजू शकतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०११ ते २०१९ अशी आठ पर्वे आणि ७३ भाग चालली आणि शेवटच्या पर्वाने तिच्याच चाहत्यांचा विरस केला. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’मध्ये तर एकाच राजघराण्यातील भाऊबंदकी आणि तिच्या दिमतीला ड्रॅगन आहेत. त्या पार्श्वभूमीवर डंक हा गरीब योद्धा आणि एग हा टक्कल केलेला पोरगा रस्त्याने चालले आहेत, हे दृश्य डोळ्यांना विसावा देते. पण विसावा हा प्रेक्षकाचा अनुभव झाला. तो मालिकेचा गुण म्हणून मांडताना तिच्यात प्रत्यक्ष काय चालले आहे, याकडे दुर्लक्ष होते.

ही कथा लहान वाटते याचे पहिले कारण तिच्या मुळात आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘द हेज नाइट’ ही दीर्घकथा एकट्या डंकच्या नजरेतून सांगितलेली आहे, तर त्यांच्या मोठ्या कादंबऱ्यांत प्रत्येक प्रकरणाबरोबर नजर बदलते. मालिकेचे कर्ते आयरा पार्कर यांनी ही मर्यादा बऱ्याच अंशी पाळली आहे. दरबारात काय शिजते आहे ते डंकला ठाऊक नाही, म्हणून ते आपल्यालाही उशिरा कळते. जग तेवढेच मोठे आहे. पाहणारा मात्र त्याच्या अगदी खालच्या पायरीवर उभा आहे. या फरकाला ‘छोटेपणा’ म्हणणे मला अचूक वाटत नाही.

मैत्रीबद्दल जे लिहिले गेले, त्याविषयी माझी तक्रार अधिक गंभीर आहे. हेज नाइट म्हणजे कोणाच्याही पदरी नसलेला, कुंपणाच्या आडोशाला रात्र काढणारा योद्धा. आपला जुना शब्द वापरायचा तर स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरी शोधणारा शिलेदार. वृद्ध गुरूला मूठमाती देऊन निघालेल्या डंकला चिलखतासाठी त्याच्या तीन घोड्यांपैकी एक विकावा लागतो. त्याचा सेवक बनून राहिलेला एग हा प्रत्यक्षात राजपुत्र आहे आणि ही गोष्ट त्याने लपवलेली आहे. सेवकाला मोठमोठ्या घराण्यांची चिन्हे तोंडपाठ आहेत आणि मालकाला ती सेवकाकडून शिकावी लागतात. कानाखाली वाजवण्याची धमकी देणाऱ्याला आपण कोणावर हात उगारतो आहोत याची कल्पना नाही, हे कळल्यावर मागचे विनोदी प्रसंग पुन्हा आठवून पाहावेत; त्यातले हसू बरेच कमी होते. दोघा नटांची ‘केमिस्ट्री’ उत्तम आहे, असे जवळपास प्रत्येकाने लिहिले. पीटर क्लॅफी आणि डेक्स्टर सोल अॅन्सेल यांची कामे खरोखरच सुरेख आहेत, यात वाद नाही. पण त्या एका शब्दाखाली या नात्यातली विषमता आणि फसवणूक दोन्ही झाकली जातात.

(ज्यांनी मालिका अजून पाहिलेली नाही त्यांनी पुढचा परिच्छेद वगळावा.)

‘ड्रॅगन नाहीत’ हे वाक्य वाचून तर मला आश्चर्य वाटले, कारण सारी कथा एका ड्रॅगनवरच फिरते. तो कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातला असतो इतकेच. खेळात ड्रॅगन मारला जातो, ड्रॅगन हे ज्याच्या घराण्याचे चिन्ह आहे त्या राजपुत्र एरियनला तो आपल्या कुळाचा अपमान वाटतो आणि तो खेळ करणाऱ्या मुलीचे बोट मोडतो. डंक त्याच्यावर हात टाकतो. डंकला वाचवण्यासाठी एगला आपली ओळख उघड करावी लागते, म्हणजे मैत्रीतले त्याचे सर्वात मोठे कृत्य हे त्याच्या जन्मसिद्ध अधिकाराचाच वापर असते. राजपुत्रावर हात टाकल्याबद्दल पुढे सात विरुद्ध सात योद्ध्यांच्या लढाईने डंकचा न्यायनिवाडा होतो, त्यात डंकच्या बाजूने उतरलेला युवराज बेलर सख्ख्या भावाच्या गदेच्या घावाने मरतो आणि राज्याचा वारसाहक्क दुसरीकडे वळतो. एका निराधार योद्ध्याचे हातपाय शाबूत राहावेत म्हणून भावी राजाचा जीव गेला, हा हिशेब डंकला शेवटपर्यंत पटत नाही. मार्टिन यांचे वाचक जाणतात की आज खोडकर दिसणाऱ्या या पोराला पुढे पाचवा एगॉन म्हणून सिंहासनावर बसायचे आहे. याला हलकीफुलकी कथा म्हणताना लेखणी जराशी अडखळायला हवी होती.

मालिका निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. पहिल्या भागात जुन्या मालिकेचे ओळखीचे संगीत चढत जाते आणि ऐन क्षणी नायक झाडाआड शौचाला बसलेला दिसतो, ही थट्टा मला स्वस्त वाटली. मात्र तिच्यावर जेवढी शाई खर्च झाली तेवढी बाहुल्यांच्या खेळावर झाली नाही. पाचव्या भागात लढाई ऐन रंगात असताना डंकच्या बालपणात जाणारा प्रदीर्घ भाग मात्र खरोखरच रसभंग करतो. एका दीर्घकथेला सहा भागांपर्यंत ताणल्याची खूण तिथे लपत नाही.

पहिले पर्व येण्याआधीच दुसऱ्या पर्वाची घोषणा झालेली होती. ते ज्या ‘द स्वॉर्न स्वर्ड’ या २००३ सालच्या दीर्घकथेवर बेतले जाणार आहे, तिच्यात दुष्काळ आहे आणि एका ओढ्याच्या पाण्यावरून भांडणारी दोन सामान्य घराणी आहेत. ‘छोटी’ हे विशेषण वापरायला तिथे याहूनही अधिक वाव मिळेल. आपल्या पुरवणीत तेव्हा परीक्षण येईल तर ओढा कोणाचा, बांध कोणी घातला आणि त्या भांडणात डंक व एग नेमके कोणाच्या बाजूने उभे राहतात, याची चर्चा त्यात व्हावी, एवढी विनंती करतो.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक