तिकिटापेक्षा तारीख महाग : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
नवी दिल्ली

सादर प्रणाम.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला कास्तकार. आईच्या मणक्याचं ऑपरेशन मुंबईत ठरलं. तिला रात्रभर रेल्वेत नेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून जन्मात पहिल्यांदा नागपूर-मुंबई विमानाचं तिकीट काढलं. दोघांचे ९,४०० रुपये. मग दवाखान्यानं तारीख पुढं ढकलली. कंपनीला फोन लावला, तर तारीख बदलायचे माणशी तीन हजार आणि वरून भाड्यातला फरक. दोघांचे मिळून ११,२००! सोयाबीनचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता साहेब, तोही ओलावा दाखवून व्यापाऱ्यानं दिला नाही. दोन क्विंटलच्या वर माल एका तारखेत गेला.

फोनवरची मुलगी म्हणे, "सर, तुमचा फेअर क्लास संपला." अवं बाई, सीट तर तीच आहे ना? तर एकाच इकॉनॉमीत म्हणे दहा-बारा भाव, प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर. स्वस्त अक्षर संपलं की त्या दिवशीचं महाग अक्षर घ्या. भाडं उतरलं असतं तर? फरक परत नाही! कंपनीनं स्वतः वेळ बदलली की मात्र एक मेसेज, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. आम्ही पाठवला असा मेसेज तर चालंल का?

तिकीट रद्द केलं तर काय? मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून होईल तेवढं सगळं कंपनी कापू शकते. ही मर्यादा तुमच्याच डीजीसीएची, म्हणजे विमान कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी महासंचालनालयाची. सगळं नेल्यावर उरलं काय, तर विमानतळाचे कर. याले मर्यादा म्हणता काय बाप्पा?

मागणं मोठं नाही. दवाखान्याचा कागद असलेल्याला एकदा तरी जुन्या भाड्यात तारीख बदलून द्या, आणि हे नियम पैसे भरायच्या आधी मराठीत दाखवा.

भाडं बाजार ठरवतो, हे उत्तर देऊ नका. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ तुम्हीच भाड्याला मर्यादा घातली होती. तेव्हा बाजार कुठं गेला होता? हवाई चप्पलवाला विमानात बसेल, असं पंतप्रधान २०१७ मध्ये म्हणाले. बसला तो, पण दवाखान्यानं तारीख बदलू नये एवढंच त्यानं बघायचं! आमचं यवतमाळचं विमानतळ २००९ मध्ये खासगी कंपनीला दिलं. तिथून नियमित प्रवासी विमान उडालेलं आम्ही पाहिलं नाही. जमीन आमची, धावपट्टी आमची, आणि विमानासाठी नागपूर गाठा. मत मागायला मात्र तुमचं हेलिकॉप्टर थेट शाळेच्या मैदानात उतरतं, त्याला ना क्लास लागत ना तारीख बदलायचे पैसे.

आपला,
दारव्हा तालुक्यातला एक कास्तकार