विनंतीपत्राला गुण, विनंतीला नोटीस : शालेय शिक्षणमंत्र्यांना एका शिक्षकाचे खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत इतिहास व राज्यशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ‘पाठ्यक्रमबाह्य दृक्‌श्राव्य साहित्य विनापरवानगी दाखवून विद्यार्थ्यांना प्रशासनाविरुद्ध पत्रव्यवहारास प्रवृत्त केल्याबद्दल’ माझी वेतनवाढ का रोखू नये, असा खुलासा तीत मागितला आहे. खुलासा मी योग्य मार्गाने देईनच. पण योग्य मार्गाने निघालेला कागद आपल्या टेबलावर येईपर्यंत मी निवृत्त झालेला असेन, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझा गुन्हा असा. नववीच्या सध्याच्या राज्यशास्त्रात मानवी हक्क हा विषय ‘आंतरराष्ट्रीय समस्या’ या प्रकरणात येतो, त्यामुळे हक्क ही परदेशात बिघडणारी काही तरी वस्तू असावी, अशी मुलांची प्रामाणिक समजूत होते. ती दूर व्हावी म्हणून मी वर्गाला अतुल पेठे यांचा ‘कचराकोंडी’ हा पुण्यातील सफाई कामगारांवरचा माहितीपट दाखवला. शाळेच्या स्मार्ट वर्गखोलीवर देणगीदाराच्या नावाची पाटी ठळक आहे, परंतु आतला पडदा बंद आहे, त्यामुळे माझ्याच लॅपटॉपभोवती मुले दाटीवाटीने बसली. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला आणि २०१३ मध्ये अधिक कडक होऊन पुन्हा आला, हे मी फळ्यावर लिहिले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, मग आपल्या शाळेमागच्या गटारात उतरतात ते काका कुठल्या कायद्याने उतरतात?”

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मुलांनी ते नगरपरिषदेला विचारायचे ठरवले आणि मराठीच्या तासाला शिकलेल्या नमुन्यात, दिनांक, विषय, महोदय हे सारे यथास्थित घालून, कामगारांना हातमोजे व गमबूट मिळावेत असे विनंतीपत्र लिहिले. ‘आपले आज्ञाधारक’ लिहायलासुद्धा ती विसरली नाहीत. दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत अशाच पत्राला गुण मिळतात. खऱ्या पत्त्यावर पाठवले की नोटीस मिळते, हे आम्हाला आता कळले.

त्या दिवसापासून मुख्याध्यापक मला चहाला हाक मारत नाहीत. संस्थेचे एक पदाधिकारी घरी येऊन माझ्या पत्नीला “सरांना जरा समजवा” असे सांगून गेले. रक्तदाबाची गोळी दुप्पट झाली आहे. ज्या माणसाने मतदारयाद्यांचे काम केले, जनगणना केली, तांदळाचा हिशेब ठेवला आणि दर रात्री कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर माहिती भरली, त्याला त्यापैकी कशासाठीही कधी कोणी शाबासकी दिली नाही. आणि ज्या दिवशी त्याने खरोखर शिकवले, त्या दिवशी मात्र यंत्रणेला त्याचे नाव-गाव ताबडतोब सापडले.

परवानगीबद्दल बोलायचे तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेने आपले विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुरता चित्रपट दाखवण्यास स्पष्ट सूट आहे. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ नुसार मानवी हक्कांची साक्षरता प्रसारमाध्यमांतूनही पसरवणे हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे काम आहे. हाच आयोग २०१५ पासून लघुपटांची स्पर्धाही घेतो आणि बक्षिसे देतो. म्हणजे चित्रपट करणाऱ्याला बक्षीस आणि वर्गात दाखवणाऱ्याला खुलासा, असे आपल्याकडचे श्रमविभाजन आहे. चेक प्रजासत्ताकात ‘पीपल इन नीड’ ही संस्था २००१ पासून शाळांमध्ये माहितीपटांच्या आधारे हक्कांचे शिक्षण देते. तिथे चित्रपटासोबत शिक्षकाला तासाची आखणी मिळते, आणि स्वतःच्याच देशात कम्युनिस्ट राजवटीने केलेले अन्याय दाखवून झाल्यावर ते भोगलेली माणसे वर्गात येऊन मुलांशी बोलतात. त्यामुळे तिथले शासन कोसळल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडे २६ जानेवारी २०२० पासून शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन सक्तीचे झाले, याचा मला आनंदच आहे. मात्र ‘दर्जाची व संधीची समानता’ रोज तालात म्हणणारी मुले त्याच आवारामागे माणसाला गटारात कमरेपर्यंत उतरलेले पाहतात, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध लावला की शासनाविषयी अप्रीती पसरते. गटारे व सेप्टिक टाक्या साफ करताना पाच वर्षांत मेलेल्यांचा आकडा केंद्र सरकारनेच २०२३ मध्ये संसदेत तीनशेच्या वर सांगितला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. हे आकडे दहावीच्या राज्यशास्त्रात कुठे बसवायचे? त्या विषयाला एकूण गुण बारा. बाराच्या आत माणसाचा हक्क, राजकीय पक्ष, निवडणुका, चळवळी सगळे उरकायचे आणि फोटो काढून अपलोड करायचे. राज्यात लाखाहून अधिक शाळा आहेत. त्यांतल्या निम्म्यांत तरी एखादा चालू पडदा असेल काय, याची मला शंकाच आहे. परंतु उपक्रम राबवल्याचे अहवाल मात्र शंभर टक्के शाळांचे जमा असतील, याची खात्री आहे.

महोदय, मला प्रोजेक्टर नको, योजना नको, योजनेचे उद्घाटन तर नकोच. नोटीस मागे घ्यावी. कलम ५२ चा उल्लेख असलेले एक ओळीचे परिपत्रक काढावे, म्हणजे माझ्यासारख्या भित्र्या शिक्षकांच्या हाती दाखवायला काही राहील. महिन्याला सलग दोन तासिका द्याव्यात, कारण पस्तीस मिनिटांच्या तासात चित्रपट होतो तर चर्चा होत नाही, आणि चर्चेवाचून तो दाखवण्यात फारसा अर्थ नाही. आणि नगरपरिषदेने मुलांच्या अर्जाला लेखी उत्तर द्यावे. नकार असला तरी चालेल. शासनाचे उत्तर कसे असते तेही त्यांनी वाचलेले बरे.

मुलांच्या अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. आवक क्रमांक व शिक्का पहिल्या पानावर आहे. हातमोजे अद्याप आलेले नाहीत.

आपला,
राज्यशास्त्राचा एक शिक्षक