फ्रॉइडला न पटलेला फ्रॉइड

मा. संपादक, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला सरिअॅलिझमवरचा, म्हणजे स्वप्नं आणि मनात आपोआप येणारं सगळं कलेत आणणाऱ्या चळवळीवरचा, लेख वाचला, फोटो मस्त होते, पण मनोविश्लेषक फ्रॉइडने नेणीव (मनाचा आपल्यालाच न उमगणारा भाग) शोधली आणि ह्या चळवळीतल्या मंडळींनी ती कॅनव्हासवर उतरवली असं त्यात म्हटलंय, इतकं सरळ नाहीये हो ते.

चळवळीचा म्होरक्या, फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों मेडिकलचा विद्यार्थी. १९१६ साली, युद्ध चालू असताना, फ्रान्समधल्या सॅं-दिझिएच्या मनोरुग्ण केंद्रात कामाला होता, आघाडीवरून भ्रमिष्ट होऊन आलेले सैनिक काय बोलतात ते टिपून ठेवायचा. जर्मन येत नव्हतं, त्यामुळे फ्रॉइड त्याला कळला तो फ्रेंच मानसोपचाराच्या पुस्तकांतून, म्हणजे सेकंडहँडच. पेशंटला मनात येईल ते बोलू द्यायचं ही युक्ती त्याने उचलली आणि १९१९ मध्ये कवी मित्र सुपोसोबत बसून स्वतःवरच वापरली, भराभर लिहीत जायचं, मागे वळून खोडायचं नाही. ऑटोमॅटिक रायटिंग म्हणतात ते हेच.

आता खरी गंमत. फ्रॉइडसाठी ते बडबडणं म्हणजे नुसता कच्चा माल होता, त्यातून अर्थ काढायचा, माणसाला बरं करायचं. ब्रेतोंला अर्थबिर्थ नकोच होता, बडबड हीच कविता! १९२१ ला व्हिएन्नात जाऊन तो म्हाताऱ्या फ्रॉइडला भेटला आणि हिरमुसला होऊन परत आला. पुढे १९३७ मध्ये स्वप्नांच्या संग्रहासाठी काहीतरी द्या म्हणून त्याने विनंती केली तर फ्रॉइडने कळवलं की स्वप्न पाहणाऱ्याची माहिती नाही, त्याला त्यावरून काय काय आठवतं ते नाही, तर नुसत्या स्वप्नांवरून मला काहीच कळत नाही. माझ्या मते सगळा वाद ह्या एका उत्तरात आहे.

१९३८ ला लंडनमध्ये ह्याच चळवळीतला चित्रकार डाली भेटून गेल्यावर फ्रॉइडने लेखक त्स्वाइगला लिहिलं की ह्या लोकांना मी आजवर ठार वेडे समजत होतो, ह्या स्पॅनिश पोराला पाहून जरा विचार बदलला. जरा, बरं का. आपल्या लेखात मात्र दोघं गुरु-शिष्य!

आणि एवढ्या मोठ्या लेखात कवितेची एक ओळ नाही, चळवळ तर कवींनीच सुरू केलेली. पुढच्या भागात डालीची वितळलेली घड्याळं परत छापण्यापेक्षा एखादी चळवळीतल्या देस्नोस ह्या कवीची कविता आणि चित्रकार मासोनची ऑटोमॅटिक ड्रॉइंग्ज द्या ना, हात कागदावर भटकतो आणि रेघांच्या गुंत्यातून मध्येच मासा किंवा बाईचं अंग दिसायला लागतं, तिथे नेणीव म्हणजे काय ते लेखापेक्षा लवकर कळेल.

आपला,
एक नियमित वाचक