होडीवरचं मशीन हाताने उचलू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना संपत आला की पावसाच्या आधी छोट्या शिडाच्या होड्या पाण्याबाहेर काढायची धावपळ सुरू होते. परवा माझ्या मित्राने मागच्या फळीवरचं आऊटबोर्ड मशीन, म्हणजे होडीला बाहेरून लावायचं इंजिन, एकट्याने उचलायला घेतलं, लाट आली, होडी हलली आणि मशीन सुटताना त्याचा अंगठा ते फळीला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पमधे सापडला, तीन टाके पडले. म्हणून हे लिहितोय.

8-10 हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक मशीन साधारण 40 किलोचं असतं, आणि ते वाकून, हात लांब करून, हलत्या होडीतून उचलायचं म्हणजे कंबरेची वाट लागणारच. गंमत म्हणजे क्रेन आपल्याच होडीवर असते हो! डोलकाठी आहे, बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) आहे, मेनशीटच्या (मोठं शीड ओढायच्या दोराच्या) कप्प्या आहेत, अजून काय पाहिजे? चार पदरी कप्प्या असतील तर हिशोबाने 10 किलोचा जोर लागतो, घासण्यात थोडा जातो म्हणून 13-14 धरा, फक्त मशीन 1 मीटर वर यायला दोर 4 मीटर ओढावा लागतो.

मी काय करतो, शीड उतरवून ते चढवायचा मुख्य दोर बूमच्या टोकाला बांधतो म्हणजे सगळा भार डोलकाठीच्या माथ्यावर जातो. बूम धरून ठेवणारी बारीक टॉपिंग लिफ्ट असते तिच्यावर हा भार अजिबात टाकू नका, ती फक्त बूम तोलायला आहे. मग बूमच्या टोकाला कप्प्या लावून त्यांचा हूक मशीनच्या पट्ट्यात अडकवायचा, बूम फिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना दोर बांधायचे, आणि क्लॅम्पचे स्क्रू ढिले करायच्या आधी, आधी म्हणजे आधीच, मशीनला वेगळा दोर बांधून होडीला पक्का करायचा. हे एक जरी लोकांनी केलं तरी मशीन तळाला जाणार नाही. पेट्रोलचा पाईप काढलाय ना ते बघा. वर आल्यावर मशीन लगेच आडवं करू नका, आतलं खारं पाणी निथळू दे, आणि आडवं करताना कंपनीने सांगितलेल्या बाजूवरच ठेवा नाहीतर ऑइल भलतीकडे जातं.

सेलिंग शिकवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, गाठी शिकवता त्याच दिवशी हेही एकदा होडीवर करून दाखवा. अर्धा तास पुरतो.

आपला,
एक होडीवाला वाचक, मुंबई